टेक्सासातलं कोरं खातं आणि नागपुरात बाऊन्स झालेला हप्ता: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण नागपूरच्या प्रतापनगर-त्रिमूर्तीनगर भागातल्या एका कुटुंबाचं आहे. ओळख पटू नये म्हणून नावं गाळली आहेत आणि काही बारीकसारीक तपशील बदलले आहेत. रकमा आणि घटनांचा क्रम मात्र तसाच ठेवला आहे. मी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालो आहे. मुलाचे वडील आणि मी रोज सकाळी अंबाझरीकडे फिरायला जातो, त्यामुळे या प्रकरणात सल्ल्यासाठी मी सुरुवातीपासून होतो.

मुलगा परदेशी निघाला की आपल्याकडे व्हिसा, तिकीट, बॅगेचं वजन, डिंकाचे लाडू या सगळ्याची चर्चा होते. तिकडे त्याची पत कशी उभी राहणार आणि तो गेल्यावर इकडच्या कर्जाकडे कोण बघणार, हे दोन प्रश्न राहून जातात. या घरात दोन्ही राहून गेले होते.

पार्श्वभूमी

मुलगा ऑगस्ट २०२२ मध्ये एमएससाठी डॅलसजवळच्या एका विद्यापीठात गेला. वय २३. एकूण ३२ लाखांचं शैक्षणिक कर्ज एका खासगी वित्तकंपनीकडून घेतलं होतं. फ्लॅट तारण ठेवायचा नाही हा आईचा हट्ट होता, म्हणून राष्ट्रीयीकृत बँकेचा रस्ता सोडला. व्याज ११.५ टक्के. मुख्य कर्जदार मुलगा, सहकर्जदार वडील. शिक्षण चालू असतानाही, वितरित झालेल्या रकमेवरचं साधं व्याज दर महिन्याला भरायचंच, अशी अट होती. ते व्याज वडिलांच्या पगाराच्या खात्यातून ५ तारखेला कापलं जाई.

वडील राज्य सरकारच्या एका खात्यात होते. आयुष्यात एकच कर्ज घेतलं, घराचं, तेही मुदतीच्या आधी फेडलं. क्रेडिट कार्ड कधी वापरलं नाही. धाकटी मुलगी तेव्हा अकरावीत होती.

अडचण कशी पुढे आली

तिकडे पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात चार मुलांनी मिळून फ्लॅट घेतला, भाडं १,६८० डॉलर. लीजिंग ऑफिसने क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आधीच्या उधारी-फेडीची नोंद, मागितला. चौघांचाही कोरा. एका महिन्याचं जादा डिपॉझिट घेऊन काम भागलं. विजेच्या कंपनीनेही डिपॉझिट मागितलं. मोबाइलचं पोस्टपेड मिळेना म्हणून प्रीपेड घेतलं. "काका, मी इथे वाईट नाही, मी इथे आहेच नाही," असं तो मला फोनवर म्हणाला.

वडिलांना हे पटेना. "माझा सिबिल आठशेच्या वर आहे, तो दाखव ना त्यांना!" सिबिलमध्ये अमेरिकेच्या ट्रान्सयुनियनचीच मालकी आहे, तेव्हा त्यांचा तर्क अगदीच चुकीचा नव्हता. पण भारतातली नोंद आपोआप तिकडच्या फायलीत जात नाही. तिकडे इक्विफॅक्स, एक्सपेरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन संस्था नोंदी ठेवतात, आणि त्या नोंदींवरून ३०० ते ८५० मध्ये फायको स्कोर काढला जातो. हा स्कोर निघायला निदान एक खातं सहा महिने जुनं असावं लागतं. थोडक्यात, पहिलं खातं उघडेपर्यंत घड्याळच सुरू होत नाही. घरच्यांना सगळ्यात उशिरा पटलं ते हेच. ते "चांगला स्कोर कसा मिळवायचा" हे विचारत होते. मी सांगत होतो, आधी तारीख लागू दे.

त्यात सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे कार्डाच्या अर्जात सहसा लागणारा तिकडचा सरकारी क्रमांक, नव्हता. विद्यार्थी व्हिसावर तो नुसता मागून मिळत नाही, नोकरी लागते. ऑक्टोबरमध्ये विद्यापीठाच्या जेवणघरात काम मिळालं, सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास. नोकरीचं पत्र आणि विद्यापीठाचं पत्र घेऊन तो सोशल सिक्युरिटी कार्यालयात गेला आणि नोव्हेंबरमध्ये नंबर हातात आला.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय, काहीच न करणं. डेबिट कार्ड आणि नागपुरातून भरलेलं फॉरेक्स कार्ड वापरत राहायचं. वडिलांचा कल इकडेच होता. डेबिट कार्डाच्या व्यवहाराची क्रेडिट फायलीत नोंदच होत नाही, एवढं सांगूनही ते म्हणत, "नाही झाली तर नाही झाली. उधारीची सवय तरी लागणार नाही."

दुसरा, मावसबहिणीच्या कार्डावर नाव लावणं. ती न्यू जर्सीत बारा वर्षं आहे. तिच्या कार्डावर याला अधिकृत वापरकर्ता केलं तर बहुतेक बँका त्या कार्डाचा इतिहास याच्याही फायलीत दाखवतात. आईला हा मार्ग आवडला, घरचंच माणूस म्हणून. पण इथे एक अवघड प्रश्न विचारावा लागतो, कारण कार्ड लिमिटच्या काठावर भरलेलं असेल तर तोही भार याच्या फायलीत येतो. आईने बहिणीच्या लेकीला असं विचारायला साफ नकार दिला. शेवटी मुलानेच विचारलं, "ताई, तुझ्या कार्डावर साधारण किती बाकी असते?" ताईने मोकळेपणाने सांगितलं: लिमिट ८,०००, बाकी ६,००० च्या वर, बाळंतपणातलं हॉस्पिटलचं बिल अजून फिटतंय. पर्याय तिथेच मिटला, आणि नातंही शाबूत राहिलं.

तिसरा, भारतातला इतिहास वापरणं. अमेरिकन एक्सप्रेस २०१९ पासून नोव्हा क्रेडिट या कंपनीमार्फत काही देशांतून आलेल्यांचा मायदेशातला रिपोर्ट बघते, त्यात भारतही आहे. नोकरी करून मग गेलेल्या, इथे कार्ड आणि गाडीचं कर्ज फेडलेल्या मुलांसाठी हा मार्ग खरोखर चांगला आहे. या मुलाच्या नावावर इथे फक्त नुकतंच घेतलेलं शैक्षणिक कर्ज होतं. दाखवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

चौथा, सिक्युअर्ड कार्ड. बँकेत ठराविक रक्कम ठेवायची आणि तेवढ्याच लिमिटचं कार्ड घ्यायचं. एफडीवर कार्ड देतात तसंच.

पाचवा, विद्यार्थ्यांसाठीचं बिनठेवीचं कार्ड. हे त्याला कदाचित मिळालंही असतं. पण नकार आला असता तर अर्जाची चौकशी दोन वर्षं रिपोर्टवर राहिली असती आणि हातात काहीच आलं नसतं. ज्या बँकेत त्याचं खातं होतं तिथे सिक्युअर्ड कार्डाची जवळजवळ खात्री होती.

पहिला निर्णय आणि त्याला लागलेला वेळ

नंबर नोव्हेंबरमध्ये आला, कार्ड जानेवारी २०२३ मध्ये उघडलं. मधले दोन महिने रविवारच्या फोनवर गेले. इथले सकाळचे साडेआठ म्हणजे तिकडे शनिवारी रात्रीचे नऊ. वडील दर रविवारी नवा मुद्दा काढत. एकदा तर त्यांनी मला मध्ये बसवून सांगितलं, "तुम्ही बँकवाले, तुम्ही कार्डच खपवणार."

गाडी अडली होती ती व्याजावर. दर महिन्याला पूर्ण बिल भरलं तर व्याज शून्य, हे त्यांना खरं वाटत नव्हतं. त्यांच्या ओळखीच्या कोणाच्या तरी मुलाने व्हॉट्सअॅपवर लिहिलं होतं की थोडी बाकी मुद्दाम ठेवावी, स्कोर वाढतो. ही समजूत तिकडच्या आपल्या मुलांमध्ये फार पसरली आहे आणि ती निखालस खोटी आहे. बाकी ठेवल्याने फक्त व्याज लागतं, आणि तिकडच्या कार्डांवर ते वर्षाला २० टक्क्यांच्या वर सहज जातं. मी वडिलांना अटी लिहून दिल्या: ठेव ३०० डॉलर, तीही जेवणघराच्या पगारातून. कार्डावर फक्त फोनचं बिल आणि त्याचा स्वतःचा किराणा. पूर्ण बिलाचं ऑटो-पे. त्या कागदावर वडिलांनी "ठीक आहे" लिहून सही केली. अजून तो त्यांच्या फायलीत आहे.

८७ टक्क्यांची गोष्ट

मार्चमध्ये चौघांच्या महिन्याच्या सामानाचे २६० डॉलर याने एकट्याने आपल्या कार्डावर घेतले, बाकीच्यांनी त्याला पैसे पाठवले. बिल वेळेच्या आधी पूर्ण भरलं. तरी रिपोर्टवर दिसलं की लिमिटच्या जवळपास ८७ टक्के वापर आहे.

बँक सहसा स्टेटमेंट निघतं त्या दिवशीची बाकी कळवते, बिल भरण्याच्या दिवशीची नाही. फायको स्कोरमध्ये वेळेवर फेडीला ३५ टक्के वजन आहे आणि किती कर्ज अंगावर आहे याला ३०. त्यामुळे पैसे बुडवायचा विचारही न करणारा मुलगा कागदावर कंठापर्यंत बुडालेला दिसला. उपाय सोपा होता. स्टेटमेंटच्या चार दिवस आधी बहुतेक रक्कम भरून टाकायची, म्हणजे कळवली जाणारी बाकी १० टक्क्यांच्या आत राहते. जुना वापर पुढच्या महिन्याच्या आकड्याने झाकला जातो, त्यामुळे नुकसान टिकलं नाही. पण लहान लिमिटचं कार्ड चौघांच्या खर्चाला वापरू नये हे त्याला तिथे कळलं.

याच सुमारास बँकेच्या अॅपमध्ये स्कोर दिसू लागला आणि तो हरखला. तो फायको नव्हता, व्हँटेजस्कोर नावाचा वेगळा स्कोर होता. त्याला सहा महिने लागत नाहीत, महिनाभरातही निघतो. घरमालक किंवा सावकार कोणता स्कोर बघेल हे त्यांच्या हातात असतं, म्हणून मी त्याला पेढे वाटू दिले नाहीत.

लीज: ज्याचा विचार कोणी केला नव्हता

जानेवारीत एक रूममेट दुसऱ्या विद्यापीठात बदलून गेला. लीज, म्हणजे भाडेकरार, जुलैअखेरपर्यंत होतं. तिघांचं म्हणणं, त्याचे ४२० तो बघेल. लीजिंग ऑफिसचं म्हणणं, करार एकच आहे आणि चौघांपैकी प्रत्येक जण पूर्ण भाड्याला बांधील आहे. भाडं थकलं आणि प्रकरण वसुली एजन्सीकडे गेलं तर नोंद चौघांच्याही नावावर लागू शकते, आणि ती सात वर्षं राहते.

दोन पर्याय होते: गेलेल्या मुलाशी भांडत बसायचं, किंवा आधी भरायचं आणि मग भांडायचं. त्यांनी दुसरा निवडला. मार्चमध्ये नवा मुलगा येईपर्यंत प्रत्येकाने ४२० ऐवजी ५६० भरले. जेवणघराच्या पगारात हे जड गेलं. गेलेल्या मुलाकडून अर्धेच पैसे परत आले. माझ्या मते या वर्षातला हा सगळ्यात शहाणा निर्णय होता, आणि कोणत्याही कार्डापेक्षा त्याचा उपयोग मोठा झाला.

दरम्यान नागपुरात

वडील ३० जून २०२३ ला निवृत्त झाले. पगार थांबला, पेन्शनचे कागद अडकले. पगाराचं खातं रिकामं झालं. ५ जुलैचा व्याजाचा हप्ता, तेव्हा साधारण १९ हजार, बाऊन्स झाला. ऑगस्टचाही झाला.

घरात पैसे नव्हते असं नाही. एफडी होती, दुसऱ्या बँकेत बचत होती. घरात कोणाला कळलंच नाही. कर्जाच्या कागदांवर संपर्काचा नंबर मुलाचा भारतातला होता. तो रिचार्ज न केल्यामुळे कधीच बंद पडला होता. ईमेल मुलाच्या जुन्या कॉलेजचा होता, तोही बंद. बाऊन्सचा एसएमएस पगाराच्या खात्याच्या बँकेकडून वडिलांना आला असणार, पण निवृत्तीच्या दिवसांत तसे पन्नास एसएमएस येत होते.

सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात दुपारी एक माणूस फाटकाशी आला. हातात हेल्मेट, बगलेत प्लॅस्टिकची फाइल. त्याने मुलाचं पूर्ण नाव घेऊन विचारलं, "घरी आहेत का?" आई म्हणाली, तो अमेरिकेत असतो. "हो ना, म्हणूनच आलो," असं म्हणून त्याने थकबाकीचा कागद पुढे केला. शेजारच्या काकू तुळशीला पाणी घालत होत्या. आईला थकलेल्या पैशापेक्षा तेच लागलं. संध्याकाळी वडील माझ्याकडे आले ते चहा न घेताच बसले.

त्या रविवारचा फोन मी विसरणार नाही. "बाबा, मी इथे तीनशे डॉलरच्या कार्डाचं बिल चार दिवस आधी भरून राहिलो, आणि तिकडे दोन हप्ते गेले?" वडील गप्प. आईनेच उत्तर दिलं, "तुझाच नंबर दिला होता रे त्यांना."

दुसऱ्या दिवशी दोन्ही हप्ते आणि दंड भरला. सप्टेंबरचा हप्ता हाताने भरला. ९० दिवस व्हायच्या आत सावरल्याने खातं अनुत्पादित, म्हणजे बुडीत कर्जाच्या यादीतलं (एनपीए), ठरलं नाही. पण उशिराची नोंद लागली, आणि ती दोघांच्याही सिबिलवर लागली, कारण सहकर्जदार हा शोभेचा साक्षीदार नसतो. मासिक फेडीचा ३६ महिन्यांचा तक्ता रिपोर्टवर दिसतो. त्यातल्या दोन चौकटी आता खोडता येणार नव्हत्या.

मग व्यवस्था बदलली. मॅन्डेट, म्हणजे हप्ता आपोआप कापण्याची परवानगी, पेन्शनच्या खात्यावर नेलं आणि तिथे दोन हप्त्यांइतकी रक्कम कायम ठेवायचं ठरलं. संपर्कात वडिलांचा नंबर आणि मुलाचा चालू ईमेल घातला. मुलाने भारतातलं सिम स्वस्तातल्या रिचार्जवर पुन्हा घेतलं, कारण बऱ्याच बँकांचे ओटीपी त्याच्याशिवाय येत नाहीत. वर्षातून एकदा मोफत मिळणारा सिबिल रिपोर्ट दोघांनी काढायचा, आणि मुलाने तिकडचे तीन रिपोर्ट दर तिमाहीला बघायचे. तिकडे ते अधिकृत संकेतस्थळावर दर आठवड्यालाही मोफत मिळतात.

अमेरिकेतल्या फायलीवर या दोन हप्त्यांचा काही परिणाम झाला नाही. वडिलांना आधी अन्याय वाटलेली ती भिंत या वेळी मुलाच्या कामी आली. ज्यांनी भारतातला रिपोर्ट दाखवून तिकडे कार्ड घेतलं असेल, त्यांना मात्र ही सवलत नाही.

गाडीचा प्रश्न

जुलै २०२३ मध्ये पहिला फायको स्कोर आला, ६९० च्या आसपास. नवं लीज जादा डिपॉझिटशिवाय झालं. सप्टेंबरमध्ये बँकेने ३०० डॉलरची ठेव परत केली आणि कार्ड साधं केलं. नोव्हेंबरमध्ये विद्यार्थी कार्ड मिळालं, लिमिट १,५००. पुढचं वर्ष शांत गेलं, सांगण्यासारखं काही नाही.

२०२४ च्या मे महिन्यात पदवी, ऑगस्टमध्ये नोकरी. ऑफिस अशा उपनगरात की बसच जात नाही. वापरलेली गाडी १३,५०० डॉलरची. हाताशी ३,५०० होते. राहिलेल्या १०,००० चं काय?

वडील म्हणाले, एफडी मोडतो. आता त्यांना मुलाचं कर्ज दिसत होतं, कार्डाची भीती उरली नव्हती. पण तीच एफडी हप्त्यांच्या मागची उशी होती, आणि मुलाचा पूर्ण हप्ता सुरू व्हायला काही महिनेच होते. मी स्पष्ट नाही म्हटलं. डीलरने स्वतःच्या कर्जाचा दर १४ टक्के सांगितला. वर "आजच सही केली तर" हे पालुपदही होतं. मुलाने सही केली नाही. त्याने जवळच्या क्रेडिट युनियनमध्ये (आपल्या पतसंस्थेसारखी सभासदांची संस्था) सभासदत्व घेतलं आणि आणखी एका बँकेत अर्ज केला, सगळं एका आठवड्यात. गाडीच्या कर्जासाठी दोन आठवड्यांच्या आत केलेल्या चौकशा फायको एकच धरतं, म्हणून दर विचारत फिरायला घाबरू नये. क्रेडिट युनियनने ७.९ टक्के दिले. चार वर्षांच्या हप्त्यात महिन्याला साधारण ३० डॉलरचा फरक, एकूण १,४०० च्या वर. टेक्सासात विमा कंपन्यांनाही हप्ता ठरवताना क्रेडिट बघता येतं. त्याच्या वर्षभर आधी गाडी घेतलेल्या, कोऱ्या फायलीच्या मित्राला तो हप्ता बराच जास्त पडला होता.

निष्पत्ती

मुलाचा स्कोर ७४० च्या वर आहे, तो एकटा राहतो, गाडीचे हप्ते वेळेवर जातात. शैक्षणिक कर्जाचा पूर्ण हप्ता २०२५ मध्ये सुरू झाला. तो मुलगा स्वतःच्या एनआरओ खात्यातून (परदेशी राहणाऱ्या भारतीयांचं इथलं रुपयांतलं खातं) भरतो.

झळ लागली ती धाकटीला. तिला २०२४ मध्ये पुण्यात अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला. साडेसात लाखांच्या आतलं, विनातारण शैक्षणिक कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेतून घ्यायचं होतं आणि सहकर्जदार पुन्हा वडीलच. शाखेने २०२३ च्या त्या दोन चौकटींवर बोट ठेवलं. निवृत्तीचा आदेश, पेन्शन सुरू झाल्याची तारीख, त्यानंतरच्या सगळ्या हप्त्यांच्या पावत्या आणि खुलाशाचं पत्र जोडावं लागलं. कर्ज मंजूर झालं, पण पहिल्या सत्राची फी तोवर एफडी मोडूनच भरावी लागली. गाडीसाठी ती मोडली नव्हती म्हणून शिल्लक होती.

काय वेगळं करता आलं असतं

कार्डावरून दोन महिने घातलेला वाद टाळता आला असता. प्रत्यक्षात तोटा झाला नाही, कारण पहिला स्कोर नव्या लीजच्या जेमतेम आधी आला. पण हे नशिबाने जुळलं. नंबर आला त्याच आठवड्यात अर्ज केला असता तर कोणाला श्वास रोखून बसावं लागलं नसतं.

सिक्युअर्ड कार्ड की विद्यार्थी कार्ड, यावर माझ्यात आणि मुलात अजून मतभेद आहे. तो म्हणतो, थेट विद्यार्थी कार्ड मागायला हवं होतं, ८७ टक्क्यांचा घोळ झालाच नसता. लिमिट मोठं असतं हे खरं. पण नोव्हेंबर २०२२ ला त्याच्याकडे एका महिन्याचीही पगाराची पावती नव्हती, आणि नकार आल्यावर वडिलांनी पुढचा अर्ज करू दिला असता असं मला वाटत नाही. घरातला माणूस कितपत साथ देईल, हेही पर्याय निवडताना धरावं लागतं.

रूममेट निवडताना प्रत्येकाच्या मागे कोण उभं आहे आणि मध्येच सोडून गेला तर काय, हे लीजवर सह्या करण्याआधी लिहून घेता आलं असतं. मुलं नागपूरची, एकमेकांच्या ओळखीची, म्हणून कोणी विचारलं नाही.

आणि कर्जाच्या अर्जातला तो मोबाइल नंबरचा रकाना. विमानात बसणाऱ्या माणसाचा नंबर तिथे एकटा असू नये. धाकटीच्या अर्जात पहिला नंबर वडिलांचा आहे, दुसरा तिचा, आणि ईमेलच्या रकान्यात भावाचा पत्ता. फॉर्म भरताना क्लार्कने विचारलं, "हे तर अमेरिकेतले ना? त्यांना कशाला?" वडील म्हणाले, "राहू द्या जी, तो वाचतो."